काचपट्टीवरची तारीख

११ एप्रिल, शनिवार

ही वही लेकीने दिली आहे आणि सोबत अटही घातली आहे. "आई, या उन्हाळ्यात भीती वाटली की बोलायचं नाही, लिहायचं. वहीत काय वाट्टेल ते लिही, पण सणांच्या दिवसांत आमच्या तोंडचं पाणी पळवू नकोस." मी हो म्हटलं. चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन लेक सांगत असते तेव्हा आईने हुज्जत घालू नये.

तर लिहिते. मी भित्री आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघते, लिफ्टऐवजी तीन मजले चढते, आतषबाजीच्या दिवशी कानात कापूस घालून मशीनवर शिवत बसते. ह्यांनी लग्नानंतर महिन्याभरातच माझं नाव 'धाकधूक' ठेवलं. ते असं चिकटलं की बँडमास्तरही दारातून विचारतात, "धाकधूकबाई, कोट झाले का?"

बँडचे कोट हे माझं उन्हाळ्याचं काम. एकूण सत्तावीस. नवे शिवायचे नसतात. गेल्या वर्षीच्या कोटांत या वर्षीची जाड झालेली माणसं बसवायची असतात. मोठ्या ढोलवाल्याचा कोट मी अकरा वर्षं उसवते आहे, आता आत उसवायला कापडच उरलेलं नाही.

शहर कालपासून रस्त्यावर आलं. उन्हाळ्यात आमची माणसं घरात मावत नाहीत. खुर्च्या फुटपाथवर येतात, पत्ते फुटपाथवर येतात, भांडणंही तिथेच होतात. कार्यक्रमांचा कागद जिन्यात लागला आहे. पतंगांचा दिवस, वाद्यांचा आठवडा, नदीवर होड्यांच्या शर्यती, बागेतली नाटकं, आणि चोवीस मेला फुलांच्या गाड्यांची मिरवणूक. ती दर वर्षी बरोबर आमच्या गॅलरीखालून जाते. या वर्षी मोठे भाऊजी आणि जाऊबाई नऊ वर्षांनी येणार आहेत. नऊ वर्षांपूर्वी भाऊजी ह्यांना म्हणाले होते, "जन्मभर लोकांच्या घरांना नोटिसा चिकटवल्यास, स्वतःचं काय केलंस?" त्यानंतर हे घर झालं. हे घर म्हणजे ह्यांचं उत्तर आहे, आणि त्यात सगळ्यात मोठं उत्तर गॅलरी.

१४ एप्रिल, मंगळवार

गॅलरीच्या दारात उजेड चांगला, म्हणून मी तिथे शिवायला बसते. आज कोटाचं पितळी बटण हातातून सुटलं, गॅलरीत गेलं आणि थांबलंच नाही. कठड्याखालून थेट रस्त्यावर. गेल्या वर्षी सुटलेली बटणं मला कुंड्यांमागे सापडायची.

मी चटई उचलली. जिथे गॅलरीची फरशी घराच्या भिंतीला मिळते तिथे एक भेग आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीने आखल्यासारखी. कोटाची जाड सुई उभी धरून घातली तर ती नाकापर्यंत आत गेली. मी सुई तिथेच सोडून आत पळाले.

लिहायचं, बोलायचं नाही, हे ठरलं होतं. पण चहाच्या वेळी तोंडातून गेलंच. हे हसले.

"अगं, पाणी जायला उतार ठेवतातच गॅलरीला. आणि गिलाव्याला भेगा पडायच्याच, माणसाला नाही का सुरकुत्या पडत?"

"सुई गेली आत."

"तुझी सुई कशातही जाते. या इमारतीचा तपासणीचा दाखला कुणी दिलाय? मी. नोकरीतलं शेवटचं काम. माझ्या सहीवर विश्वास नाही तुझा?"

सहीवर आहे, म्हटलं. मग? म्हणाले. मी कपबश्या उचलल्या. हे एकतीस वर्षं पालिकेच्या बांधकाम खात्यात होते. माझं शिक्षण शिवणाच्या वर्गापर्यंत.

१५ एप्रिल

सकाळी ह्यांनी माळ्यावरून जुनी पेटी काढली. त्यात काचेच्या बोटभर पट्ट्या आहेत, पातळ, पापडासारख्या. हे नोकरीत असताना भेगाळलेल्या घरांवर लावायचे. भेगेच्या एका काठावर पट्टीचं एक टोक, दुसऱ्या काठावर दुसरं, दोन्हीकडे सिमेंटची टिकली. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. काच शाबूत म्हणजे घर शाबूत.

ह्यांनी भेग बुजवली, वर पट्टी बसवली आणि कडेला तारीख घातली. मीही कापडावर खुणा करायच्या शाईचा एक ठिपका दिला, तारखेच्या डावीकडे. म्हणजे माझीही सही झाली.

"आता हिला विचारायचं, मला नाही," हे म्हणाले. "काच खोटं बोलत नाही."

मला खूप बरं वाटलं. माझी थट्टा करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण माझ्या भीतीसाठी गुडघ्यावर बसून सिमेंट कालवणारा एकच आहे.

१९ एप्रिल

काच शाबूत. दिवसात सात वेळा पाहिली. गॅलरीत पाऊल टाकत नाही, दारातून वाकून बघते.

२६ एप्रिल, रविवार

आज पतंगांचा दिवस. सकाळपासून सगळ्या गच्च्यांवर आरडाओरडा. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी त्यांच्या वर्गाची सगळी पोरं गॅलरीत आणून गाणी म्हणायला लावली, वीसेक असतील. ताल पायांनी धरतात. आमच्या छतावरची धूळ मशीनवर पडत होती.

दुपारी बँडमास्तरांकडे कोट देऊन आले तर घरात ओल्या सिमेंटचा वास. हे म्हणाले, बाईंकडे काहीतरी डागडुजी चालली असेल. ह्यांच्या अंगठ्याला पट्टी होती, दाढी करताना कापलं म्हणे. दाढी अंगठ्याने कोण करतं, असं मी विचारलं तेव्हा हे हसले.

काच शाबूत. उलट नव्यासारखी चकचकीत दिसते. ह्यांनी पुसली असावी. ठिपका मात्र आज तारखेच्या उजवीकडे दिसला. मी डावीकडे दिला होता असं वाटत होतं. उन्हात माझे डोळे दिपतात.

२ मे

ह्यांना आजकाल काय झालंय कळत नाही, पण जे झालंय ते चांगलं आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षं हा माणूस खुर्चीतून हलला नव्हता. आता रोज कुठेतरी जायचं काढतात. काल वाद्यांचा आठवडा सुरू झाला तर मला चौकात घेऊन गेले. चार कोपऱ्यांवर चार बँड, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मोठ्या ढोलवाल्याने मला पाहून कोटाची बटणं उघडी करून दाखवली, म्हणजे अजून घट्टच आहे. आम्ही आइसक्रीम खाल्लं. गर्दीत मला धडकी भरते, पण ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की वळ उठले.

घरातही हात चालतो. गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून आत आणल्या. उन्हाने झाडं करपतात म्हणे. आता मोरीपर्यंत झाडंच झाडं, मी आडवी होऊन चालते. कपडे वाळत घालायची दोरी मागच्या खिडकीबाहेर बांधली. "तू कशाला गॅलरीत जातेस भीतीने? तिकडचं मी बघतो," म्हणाले. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर हा समंजसपणा. उशिरा का होईना.

५ मे

ह्यांचं गाण्याच्या बाईंशी भांडण झालं. मी दारात उभी राहून ऐकलं.

"पोरांना आत बसवून शिकवा."

"आत उकडतं हो. आणि तुम्हाला कधीपासून गाण्याचा त्रास व्हायला लागला? रिटायर झाल्यावर माणसं किरकिरी होतात ते खरंच."

"गाण्याचा नाही, पाय आपटतात त्याचा."

"ताल म्हणतात त्याला."

हे जिन्यात बराच वेळ उभे होते. बोट वर करून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. घरात येऊन म्हणाले, "सण तेवढा पार पडू दे." मी म्हटलं, अहो, पोरं गातात तर गाऊ द्या की. आजवर मी घाबरायची आणि हे समजूत काढायचे. या वेळी मी समजूत काढली, त्याची मला गंमत वाटली.

काच शाबूत. तारखेतला पाच आज जरा वेगळ्या वळणाचा वाटला. मला आता काचेवरही संशय यायला लागला आहे, म्हणजे कमालच झाली माझी.

११ मे

ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जुन्या कचेरीत गेले. तीन तासांनी आले. कोण भेटलं? कुणी नाही. मग तीन तास काय केलंत? "बाकावर बसलो." शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. जुन्या कचेरीची आठवण येत असेल बिचाऱ्यांना. मी लिंबूपाणी दिलं, ते तसंच राहिलं.

जेवताना अचानक विचारलं, "तू वहीत काय लिहितेस?"

"भीती."

"कशाची?"

"सगळ्याची. आता जरा कमी होत चालली आहे."

हे म्हणाले, "लिही. तारखा घालून लिही." मग उठून गेले.

१४ मे

आज वाईट दिवस. पहाटेच डोळा उघडला. गॅलरी घेऊन मी खाली जाते आहे, असं काहीतरी स्वप्न. उठून दारापाशी गेले. हे आधीच तिथे होते, गुडघ्यांवर, पाठ माझ्याकडे. मला पाहून केवढ्याने दचकले!

"काय करताय?"

"तुझ्यासाठीच बघतोय. शाबूत आहे का ते."

"आहे?"

"आहे ना. ये, बघ."

मी वाकले. काच शाबूत होती. सिमेंटची टिकली गडद दिसली, ओलसर. दव पडलं असेल. ह्यांचे हात थंडगार होते आणि मुठीत काहीतरी होतं, ते त्यांनी खिशात टाकलं. माझ्या भीतीने ह्यांचीही झोप उडवली. संसर्ग म्हणतात तो हाच. लेक सांगते ते खरं आहे, मी घरातल्या घरात माणसांना आजारी पाडते. आजपासून काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं आहे.

१८ मे

मोठे भाऊजी आणि जाऊबाई आले. बॅगा ठेवायच्या आधी भाऊजी गॅलरीकडे निघाले. हे आडवे आले. "थांब, कठड्याला रंग दिलाय. ओला आहे."

"अरे वा, आमच्यासाठी रंग!"

रंग खरंच दिला होता, हिरवा. मला सांगितलंसुद्धा नव्हतं. वास घरभर. भाऊजी दारातूनच रस्ता बघून म्हणाले, "जागा मात्र झकास मिळवलीस." हे ऐकायला ह्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली, आणि ऐकलं तेव्हा मान खाली.

२१ मे

लेक, जावई आणि पिल्लू, म्हणजे माझी नात, काल आले. घरात सात माणसं आणि चौदा कुंड्या. हे सगळ्यांना घरात ठरूच देत नाहीत. काल होड्यांच्या शर्यती, आज बागेत नाटक. नदीकाठी सगळं शहर पाय पाण्यात सोडून बसलं होतं, आम्हीही बसलो. भाऊजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, त्यांच्या पांढऱ्याफटक पोटऱ्या बघून जाऊबाई हसून हसून लोळल्या. पिल्लूने पहिल्यांदा नदी पाहिली आणि शिंकली. माझ्या आयुष्यातला एवढा चांगला उन्हाळा मला आठवत नाही. लेक म्हणाली, "बघ आई, घाबरली नाहीस तर किती मजा येते."

फक्त रंगाचं कळत नाही. ह्यांनी आज कठड्याला पुन्हा रंग दिला, त्याच हिरव्यावर तोच हिरवा. जावई म्हणाले, "बाबा, हा रंग मिरवणुकीपर्यंत वाळणार का?" हे म्हणाले, "वाळेल, वाळेल." म्हणताना लेकीच्या मांडीवरच्या पिल्लूकडे बघत होते.

२३ मे, शनिवार

उद्या मिरवणूक. कोट सगळे गेले. ढोलवाल्याला शेवटी पाठीत नवी पट्टी घालून दिली, बाहेरून दिसते, त्याला इलाज नाही.

आज लेकीने विचारलं, "आई, उद्या तूही गॅलरीत येशील ना? दर वर्षी तू स्वयंपाकघरात बसतेस." मी भांडी घासायला घेतली. पण दुपारभर विचार केला. काच सव्वा महिना तडकलेली नाही. ज्याने एकतीस वर्षं लोकांची घरं तपासली तो माणूस रोज सांगतो, शाबूत आहे. याहून जास्त पुरावा काय हवा मला? वय अठ्ठावन्न झालं. पिल्लूला कळायला लागेल तेव्हा तिने मला धाकधूक आजी म्हणावं का?

मी ठरवलं आहे. उद्या सगळ्यांच्या आधी मी जाणार. पिल्लूला घेऊन जाणार. कुणाला सांगितलेलं नाही. गॅस आज चारदा बघितला, पण जाणार.

२५ मे, सोमवार

काल लिहायला बसले असते तर रागाने कागद फाटला असता. क्रमाने लिहिते.

साडेचारला बँड लांबून ऐकू यायला लागला. सगळे चपला सरकवत गॅलरीच्या दाराकडे निघाले होते. मी पिल्लूला लेकीकडून घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे होऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. एक, दोन, तीन पावलं. कठड्यापर्यंत. फुलांचा वास वर येत होता. मला रडू आलं, एवढंच होतं तर चौतीस वर्षं का घाबरले मी.

मागे काचेचे ग्लास फुटले. ह्यांच्या हातातला सरबताचा ट्रे. "आत ये!" ही ओरड मी जन्मात ऐकली नव्हती. "हलू नकोस! नाही, ये! हळू! हळू आत ये!"

पिल्लू घाबरून किंचाळली. मी आत आले तशी ह्यांनी तिला माझ्या हातातून ओढून घेतलं, लेकीला दिलं आणि दार लावून दाराला पाठ टेकून उभे राहिले. दोन्ही हात पसरून.

"काय झालं तरी काय?" भाऊजी म्हणाले. "मिरवणूक आली रे."

"कुणी जायचं नाही."

"का?"

"मला भीती वाटते."

सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "बायकोची भीती तुला लागली! कमाल झाली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक दिवस, एकच दिवस मी धीट झाले, आणि तोच ह्यांनी सगळ्यांसमोर मोडला. मी म्हटलं, "अहो, काच शाबूत आहे ना? तुम्हीच सांगता ना रोज?" ह्यांनी माझ्याकडे न बघता दाराला कडी घातली.

शेवटी सगळे रस्त्यावर उतरलो. समोरच्या फुटपाथवर गर्दीत उभे राहिलो. मिरवणूक सुंदर होती हे लिहायलाच हवं. पिवळ्या फुलांचं जहाज, फुलांचा हत्ती, एक गाडी नुसती पाकळ्या उधळत चाललेली. ढोलवाला माझ्यासमोरून गेला तेव्हा पाठीतली पट्टी मुळीच दिसत नव्हती. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते. हे मिरवणुकीकडे बघतच नव्हते, आमच्या इमारतीकडे बघत होते. मला वाटलं, गेलेल्या जागेचं दुःख करताहेत. मीही वर पाहिलं. आमची गॅलरी रिकामी, खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे राहतात त्यांचीही रिकामी, आणि वर बाईंच्या गॅलरीत गाण्याच्या वर्गाची सगळी पोरं. एका तालात पाय आपटत होती.

हे एकदम म्हणाले, "सगळ्या गॅलऱ्या एकाच वेळी बांधल्यात." कुणाला उद्देशून ते कळलं नाही. आणि मग गर्दीत घुसले. दोन गाड्यांच्या मधून, पाकळ्यांमधून, बँडच्या रांगा तोडून पलीकडे गेले. बँडमास्तर शिव्या घालत होते. थोड्या वेळाने बाईंच्या गॅलरीत हे दिसले, दारात. पोरांना एकेक करून दंडाला धरून आत घेत होते. बाई ओरडत होत्या. खालून लोकांनी "म्हातारा पिसाळला" म्हणून टाळ्या पिटल्या. शेवटची मुलगी आत गेली तेव्हा त्यांनी दार लावलं.

त्यानंतर काहीही पडलं नाही. मिरवणूक संपली. सगळे ह्यांच्याशी अबोला धरून बसले, आणि मी सगळ्यांत जास्त. ह्यांनी मात्र कचेरीतल्या साहेबांना फोन लावला.

आज सकाळी दोन इंजिनिअर आले. बाईंच्या गॅलरीत चटईखाली जी भेग निघाली तिच्यात सुई नाही, माझ्या कात्रीचं पातं गेलं असतं. दुपारपर्यंत सगळी इमारत रिकामी केली. ह्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने दारावर नोटीस चिकटवली.

२९ मे

बँडमास्तरांनी तालमीची खोली दिली आहे. आम्ही दोघे ढोलांच्या मधे झोपतो. लेक तिच्या घरी गेली, भाऊजी आणि जाऊबाई शेजारच्या हॉटेलात आहेत. बाई काल आल्या होत्या. ह्यांच्या पाया पडावं की कानाखाली वाजवावी ते कळत नाही, असं स्पष्ट बोलल्या. मलाही कळत नाही.

आज चौकशीचे साहेब आले. मी ह्यांच्या शेजारीच बसले होते. हे शाळेतल्या मुलासारखे सरळ बसून सांगत होते. पहिली काच अकराव्या दिवशी तडकली. तेव्हा दुसरी लावली. मग तिसरी. एकूण पाच तडकल्या. तारीख प्रत्येक वेळी तीच जुनी घातली, ठिपकाही तसाच दिला. का? "दाखल्यावर माझी सही होती. आणि भाऊ येणार होता. वाटलं, सण पार पडला की सांगू." साहेबांनी विचारलं, घरात कुणाला माहीत होतं? "नाही. हिला भीती होती, पण माहीत नव्हतं." मग त्यांनी खिशातून रुमालाची गाठ काढून टेबलावर सोडली. आत पाच काचांचे दहा तुकडे होते.

मी त्या तुकड्यांकडे बघत राहिले. एका तुकड्यावर माझा ठिपका होता. तारखेच्या डावीकडे.

"बाकीच्या चार कधी तडकल्या, ते दिवस सांगा," साहेब म्हणाले.

"दिवस मला धड आठवत नाहीत," हे म्हणाले. "हिच्या वहीत सगळं असेल. हिने तारखा घालून लिहिलंय."

३० मे

जाऊबाई एकट्या आल्या होत्या. "ती वही आहे तशी देऊ नकोस. खटला झाला तर तुझाच नवरा तुरुंगात जाईल. चार पानं फाडून टाक, कोण मोजतंय?" त्यांनी माझा हात धरला होता. वाईट हेतूने नाही सांगितलं.

दिवसभर वही वाचली. सिमेंटचा वास, अंगठ्याची पट्टी, ओली टिकली. सगळं माझ्याच अक्षरात, आणि एवढं लिहूनही मला काही कळलं नव्हतं. जी बाई गॅस तीनदा बघते तिने नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं नाही. मला संताप येतो. मी पिल्लूला घेऊन तीन पावलं चालले होते. काचा तडकताहेत हे ह्यांना माहीत होतं, आणि तरी रोज "आहे ना, ये, बघ" म्हणाले. हे मी माफ करीन असं आज वाटत नाही. आणि हेही खरं की बाईंच्या पोरांना आत ओढताना त्यांनी जे मोडलं ते त्यांचं सगळं आयुष्य होतं. दोन्ही खरं आहे. मी दोन्हीच्या मधे बसले आहे.

संध्याकाळी विचारलं, "देऊ का वही?"

"दे."

"तुम्ही वाचलीत?"

"नाही. तुझी आहे ती."

"मग कसं सांगितलंत तिच्यात सगळं आहे म्हणून?"

"तू घाबरलीस की बारीक बघतेस," हे म्हणाले. "मला तेवढं पुरे होतं."

बाहेर कुठलातरी कार्यक्रम चालू आहे, लोक गात चालले आहेत. ह्यांनी पायावर चादर ओढून घेतली. त्यांना थंडी वाजत होती, या उन्हाळ्यात.

३१ मे, रविवार

साहेब, वही उद्या सकाळी तुमच्या हाती देते. पानं मोजून घ्या, एकही फाडलेलं नाही. फक्त एक दुरुस्ती करायची आहे. मी दोन ठिकाणी 'हे हसले' असं लिहिलं आहे. ते तेवढं खरं धरू नका. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, काचेकडे बघत होते.